कोंबडीच्या घशातला पिवळा चक्का परत परत का येतो?

आमच्या तांबडीला गेल्या श्रावणात पहिल्यांदा घशाचा कँकर झाला, म्हणजे घशात पिवळा गोळा धरून घास अडवणारा जंतूचा रोग. औषधानं बरी झाली. नवरात्रात पुन्हा तेच. पुन्हा औषध, पुन्हा बरी. संक्रांतीच्या सुमारास तिसऱ्यांदा ती दाण्यांपुढे मान लांब करून, चोच अर्धवट उघडी ठेवून उभी दिसली, तेव्हा मी दवाखान्यात जाऊन आल्यावर एक आख्खी दुपार परसात नुसती बसून काढली. त्या दुपारी जे दिसलं ते आधी कळलं असतं तर तिची दोन दुखणी टळली असती. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांच्याकडे चार-सहा गावरान कोंबड्या आहेत आणि त्यातली एखादी वरचेवर याच दुखण्यानं पडते, त्यांना उपयोग व्हावा.

सुरुवात अगदी साधी असते, म्हणून लक्षात येत नाही. दाणे टाकले की कोंबडी बाकीच्यांबरोबर धावत येते, दाणा उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते. भूक असते, गिळवत नाही. मधूनच मान झटकते. चोचीखालची पिसं ओली आणि चिकट दिसतात. अंडी थांबतात. आम्हाला आधी वाटलं, तांबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. पण खुडूक कोंबडी घरट्यात अंग फुगवून बसते आणि हात लावायला गेलं की करवादते. ही चुलीमागच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती आणि उचलली तरी हूं की चूं नाही. हातात घेतल्यावर छातीचं हाड बोटांना धारेसारखं लागलं. पिसांच्या आत कोंबडी वाळत गेली होती आणि बाहेरून काही कळत नव्हतं.

चोच उघडून बघा

हे करायला दोन माणसं लागतात. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, कोंबडी शांत असताना करावं. सासूबाईंनी तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं, फक्त डोकं बाहेर. मी वरची चोच अंगठ्या-बोटात धरून, खालची चोच दुसऱ्या हाताच्या नखानं हळूच खाली केली आणि मुलानं मोबाइलची बॅटरी आत मारली. आधी वास आला. नासक्या दुधाच्या भांड्याला येतो तसा, त्याहून कुजका. मग जिभेच्या मुळाशी, उजव्या बाजूला, हरभऱ्याएवढा पिवळट गोळा दिसला. कापडातून पाणी गाळून काढलेला चक्का असतो ना, तसा दिसायला. टाळूवरही एक तांदळाएवढा ठिपका होता.

हा कँकर. ट्रायकोमोनास गॅलिने नावाचा एकपेशीय जंतू त्याला कारण असतो. तो जिवाणू नाही, विषाणू नाही आणि बुरशीही नाही. आमांश करणारे काही जंतू ज्या प्रकारचे असतात, त्या प्रकारातला हा आहे. औषध निवडताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. तो तोंडात, घशात आणि गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत वाढतो. तिथली कातडी मरते, त्यावर हा चक्क्यासारखा थर साचतो आणि वाढत वाढत वाट बंद करतो. कोंबडी शेवटी उपासमारीनं जाते, नाहीतर श्वास कोंडून.

पण पिवळं दिसलं म्हणजे कँकरच, असं धरून चालू नका. पहिल्या वेळी मी नेमकी ही चूक उलट्या बाजूनं केली. घसा न बघताच सर्दी समजले, आणि तालुक्याच्या दुकानातून मिळालेली टेट्रासायक्लीनची पूड पाच दिवस पाण्यात घातली. ते प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, या जंतूला त्यानं काही होत नाही. रक्ती हगवणीसाठी लोक देतात ते अँप्रोलियमही इथे निरुपयोगी आहे. पाच दिवस वाया गेले आणि तेवढ्यात गोळा दुप्पट झाला.

घशात असंच दिसणारं दुसरं दुखणं म्हणजे कोंबड्यांच्या देवी. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळपट खपल्या येतात तो प्रकार सगळ्यांना माहीत असतो, पण देवींचा एक प्रकार तोंडाच्या आतही होतो. तिथला थर घट्ट चिकटलेला असतो, सोडवायला गेलं की खालून रक्त येतं. डास तो पसरवतात, त्यामुळे पावसाळ्यात आणि नंतर जास्त. देवी विषाणूनं होतात, कँकरच्या औषधाचा त्यांना उपयोग नाही, त्यावर आधीच टोचायची लस असते. दुसरं म्हणजे तोंडातली बुरशी. घसा आणि पिशवीच्या आत पांढरा, टर्किश टॉवेलसारखा थर, आणि वास आंबूस. बरेच दिवस प्रतिजैविकं दिलेल्या कोंबडीला ही होण्याची भीती जास्त. म्हणजे मी दिली तशी पूड अजून दहा दिवस दिली असती तर कदाचित एकाचे दोन रोग झाले असते.

तिसरी गोष्ट खाण्यातली. नुसत्या तांदळाच्या कणीवर आणि ज्वारीवर वाढवलेल्या कोंबड्यांना 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं आणि टाळूवर, घशात खसखशीसारख्या बारीक पांढऱ्या पुटकुळ्या येतात. त्या एकसारख्या, लहान, बऱ्याच असतात. गोळा नसतो. पिवळा मका, शेवग्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, गाजर यांनी हळूहळू फरक पडतो. आणि पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ला तर त्यातल्या विषानंही चोचीच्या कडेला आणि टाळूवर पिवळ्या खपल्या येतात. पण मग एकाच वेळी पाच-सहा कोंबड्यांना येतात. असं दिसलं तर आधी पोत्यात हात घालून मक्याचा वास घ्या.

एक अपवाद मात्र जपा. तोंड सुजलंय, तुरा निळा-जांभळा पडलाय, दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ कोंबड्या मरतायत, तर चोची उघडत बसू नका, मेलेली कोंबडी हाताळू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा आपल्याकडच्या कोंबडीवाल्यांनी काय भोगलं, ते आठवणारी माणसं अजून आहेत.

नमुना उबदार न्या

कँकरची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि तपासणी अगदी सोपी आहे, फक्त वेळेत व्हावी लागते. गोळ्याच्या कडेची लाळ कापसाच्या काडीवर घेऊन, कोमट सलाइनच्या थेंबात, काचपट्टीवर बघायची. जंतू जिवंत असेल तर वळवळताना दिसतो. थंड पडला, वाळला की हालचाल थांबते आणि काही दिसत नाही. नवरात्रात मी काडी डबीत घालून, बर्फाच्या पिशवीत ठेवून नेली होती, शहाणपणानं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, हे आता मेलंय. कोंबडीलाच घेऊन या." दुसऱ्या दिवशी डालग्यात घालून तिलाच नेली. त्यांनी तिथेच काडी फिरवली आणि मला भिंगातून बघायला बोलावलं. पेरूच्या आकाराचे, एका टोकाला केसासारखे धागे असलेले ठिपके, थरथरत, गोल गोल फिरत होते. एवढा लहान जीव दीड किलोच्या कोंबडीचा घास अडवतो.

तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असतोच असं नाही. आधी फोन करून विचारा. नसेल तर शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी जे जवळ असेल तिथे चौकशी करा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

औषध

कँकरवर नायट्रोइमिडाझोल गटातली औषधं चालतात. आपल्याकडे सहज मिळणारं म्हणजे मेट्रोनिडाझोल, तेच जे माणसांना जुलाब-आमांशात देतात. घरात पट्टी पडलेली असते म्हणून गोळी मोडून द्यायचा मोह होतो. तो आवरा. पक्ष्यांसाठी मात्रा किलोला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम अशी असते. तुमच्या कोंबडीला किती, किती वेळा, किती दिवस, हे वजन करून डॉक्टरांनीच ठरवायचं. जास्त झालं तर कोंबडी झोकांड्या खाते, मान वाकडी करते, आणि बघणाऱ्याला वाटतं मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली.

हिशोब कसा असतो ते कळावं म्हणून आमचं उदाहरण देते. तांबडीचं वजन भरलं १ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टरांनी सांगितलं किलोला २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. म्हणजे एका वेळी ३५ मिलिग्रॅम. लहान मुलांसाठीचं पातळ औषध मिळतं त्यात ५ मिलीत २०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १ मिलीत ४०. त्यामुळे एका वेळी जवळजवळ ०.९ मिली. सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजनं चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचं आणि तिला गिळू द्यायचं. जिभेच्या मागे मधोमध जी फट उघडझाप करताना दिसते ती श्वासनलिका. तिथे धार गेली तर कोंबडी जागच्या जागी जाते. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी टिक मारत होते.

पाण्याच्या भांड्यात हे औषध टाकून भागत नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं, वर चव कडू. आजारी कोंबडी आधीच पाणी पीत नाही.

दोन-तीन दिवसांत लाळ कमी झाली, वास गेला. चौथ्या दिवशी गोळा कडेनं सुटायला लागला. या वेळी हात शिवशिवतात. चिमट्यानं ओढून काढावं असं फार वाटतं. ओढू नका. त्याखाली कच्ची जखम असते आणि घशात रक्तस्राव झाला की घरी थांबवता येत नाही. जो भाग आपणहून लोंबतो तेवढाच मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं टिपून घ्यायचा. बाकीचा आपोआप पडतो. गोळा फार मोठा असेल, श्वास घरघरत असेल, तर ते डॉक्टरांच्या हातचं काम.

आणि सात दिवस म्हणजे सात दिवस. पहिल्या वेळी पाचव्या दिवशी ती ज्वारी खायला लागली म्हणून मी थांबले होते.

हळद-लोण्याचं बोट फिरवायचं सासूबाईंच्या माहेरी होतं. मी अडवलं नाही, घसा मऊ राहतो. पण जंतू त्यानं मरत नाही, आणि त्यावर विसंबून दिवस घालवले तर कोंबडी हातची जाते. व्हिनेगरचंही तेच. मोरचूद पाण्यात घालायचा जुना उपाय कुणी सांगेल. त्याचं प्रमाण थोडं चुकलं तरी विषबाधा होते, आमच्या परसात मी तो येऊ देणार नाही.

खायला काय द्यायचं? गिळता येईल ते. भिजवून पातळ केलेला लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य), मऊ गुरगुट्या भात, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. थोड्या थोड्या वेळानं. तांबडीला मी बोटावर घेऊन चोचीच्या टोकाला लावायचे, ती जिभेनं ओढून घ्यायची. पहिल्या दिवशी चार वेळा मिळून जेमतेम दोन चमचे गेले असतील. तिसऱ्या दिवशी तिनं वाटीत चोच घातली तेव्हा आम्ही तिघं जण बघत उभे होतो.

अंड्यांबद्दल मी हात जोडून सांगते. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत तिची अंडी कुणीही खायची नाहीत. शेजारी द्यायची नाहीत, विकायची नाहीत, उकडून कोंबड्यांनाही घालायची नाहीत. खड्डा करून पुरायची. या गटातली औषधं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला युरोपीय संघात आणि अमेरिकेत बंदी आहे, कारण त्यांचे अंश माणसाच्या पोटात जाणं धोक्याचं मानतात. औषध दिलेली कोंबडी पुढे मटणाला द्यायची नाही, हा आमच्या घरचा निर्णय. तांबडी आता म्हातारी होऊनच जाईल. पोटासाठी कोंबड्या पाळणाऱ्याला हे परवडेलच असं नाही, ते मला कळतं. तसं असेल तर उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांशी हे मोकळेपणानं बोला.

दुपारची ती बैठक

आता मूळ मुद्दा. औषध बरोबर होतं, दुसऱ्या वेळी दिवसही पूर्ण केले होते. मग तिसऱ्यांदा का?

आमच्या परसात पेरूखाली एक जुनी दगडी डोणी आहे. सासऱ्यांच्या काळी म्हशी त्यात पाणी प्यायच्या. म्हशी गेल्या, डोणी राहिली, आणि कोंबड्या तिच्यात पाणी पितात. सकाळी नळ आला की भरायची, संपलं की वरून भर घालायची. उपसून कोरडी कधीच केलेली नव्हती. तळाला हिरवट बुळबुळ कायमची.

त्या दुपारी साडेबाराच्या सुमाराला गोठ्याच्या पत्र्याखालून पारवे उतरले. आधी दोन, मग सात-आठ. कोंबड्या सावलीत बसल्या होत्या. पारवे डोणीच्या काठावर ओळीनं बसले आणि पाणी प्यायला लागले. कोंबडी पाणी कशी पिते ते आपण रोज बघतो. चोच बुडवते, मान वर करते, घोट खाली सोडते. पारवा तसं पीत नाही. तो चोच पार मुळापर्यंत पाण्यात घालतो आणि मान वर न करता, गुरासारखा, ओढून ओढून पितो. सात-आठ चोची त्या हिरव्या पाण्यात एकदम बुडालेल्या, आणि चोची बाहेर आल्या की लाळेची तार पाण्यात पडताना मला उन्हात स्पष्ट दिसली. एक वाजता ते उडाले. पाच मिनिटांनी तांबडी उठली आणि त्याच काठावर जाऊन पाणी प्यायली.

हा रोग मुळात पारव्यांचा आणि होल्यांचा. पारव्याची जोडी आपल्या पिल्लांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं अन्न चोचीतून भरवते, आणि त्याबरोबर हा जंतूही पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. बहुतेक पारवे तो घशात घेऊन धडधाकट फिरतात, बघून काहीच कळत नाही. पारवे मारून खाणाऱ्या ससाण्यांना तो होतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून याच जंतूनं बागेतले हिरवे फिंच पक्षी फार मोठ्या संख्येनं गेले. लोकांनी प्रेमानं ठेवलेली दाण्या-पाण्याची भांडी तिथे त्याच्या फैलावाच्या जागा ठरल्या.

या जंतूची एक कमजोरी आहे आणि आपला सगळा भरवसा तिच्यावर. त्याला टिकाऊ कवच करता येत नाही. ओलाव्यात, विशेषतः शेवाळ-खरकटं असलेल्या पाण्यात तो तग धरतो. भांडं कडकडीत वाळलं की संपतो. म्हणजे आमची कधीच न वाळणारी डोणी त्याला अगदी सोयीची होती.

त्याच दिवशी डोणी उपसली, काथ्यानं घासली आणि उपडी केली. पाणी आता खुराड्याच्या जाळीच्या आत असतं. भांड्यांचे दोन जोड घेतले, साधी प्लॅस्टिकची. आज एक जोड वापरायचा, दुसरा साबणानं धुऊन दिवसभर उन्हात. रोज आलटून पालटून. चुकत नाही, कारण धुतलेला जोड डोळ्यांसमोर, तुळशीकट्ट्यावर पालथा असतो. दाणे अंगणात उधळणं बंद केलं, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. सकाळी दाणे उधळायचे आणि कोंबड्या धावत यायच्या, त्यात घरातल्या सगळ्यांचा जीव होता. आता सकाळ-संध्याकाळ जाळीच्या आत, वीस मिनिटांत खातील एवढंच, उरलेलं उचलून घ्यायचं. सांडलेले दाणे बंद झाल्यावर पारवे आपणहून कमी झाले. गोठ्याच्या पत्र्याखालच्या फटी घरटी रिकामी असताना जाळी मारून बंद केल्या. अंडी-पिल्लं होती ती एक फट तेवढी सोडली, पिल्लं उडून गेल्यावर ती बुजवली.

बाकीच्या कोंबड्यांचं काय?

नवरात्रात मी एकट्या तांबडीला औषध दिलं, कारण बाकीच्या चार जणी ठणठणीत दिसत होत्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सगळ्यांच्या चोची उघडायला लावल्या. कवड्या रंगाच्या तलंगेच्या, म्हणजे तरण्या कोंबडीच्या, टाळूवर मोहरीएवढा पिवळा ठिपका निघाला. ती खात होती, पळत होती, कोंबड्याबरोबर भांडत होती. लक्षण नसलेली कोंबडीही जंतू बाळगून असू शकते आणि एकाच भांड्यात सगळ्यांच्या चोची. त्यामुळे या वेळी डॉक्टरांनी पाचही जणींना वजनाप्रमाणे औषध सांगितलं. सरसकट द्यायचं की नाही हे कळपावर आणि अंड्यांच्या हिशोबावर ठरतं, पण घसे सगळ्यांचे बघायलाच हवेत. आजारी कोंबडी वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या वाटीसह, आणि तिची कामं सगळ्यात शेवटी करायची. माणसाला हा कोंबड्यांचा जंतू त्रास देत नाही, तरी हात साबणानं धुवायचेच.

औषध संपल्यावर तांबडी लगेच कळपात सोडली नाही. घसा गुलाबी, स्वच्छ दिसला आणि ती कोरडी ज्वारी अडखळल्याशिवाय गिळायला लागली, त्यानंतर अजून आठवडाभर वेगळी ठेवली. सोडल्यावर पहिला महिना दर रविवारी रात्री पाचही जणींच्या चोची उघडून बघितल्या. आता महिन्यातून एकदा बघतो. सासूबाई टॉवेल घेतात, मुलगा बॅटरी धरतो. तलंगेला हे अजिबात आवडत नाही. तांबडी मात्र आता स्वतःहून चोच सैल सोडते.